खिडकीतली काळी फळी

शबनमचा फोन आला तेव्हा मी मिलमध्ये, जिथे रंग जुळवून बघतात त्या शेड-रूमच्या खिडकीत उभा होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. हातात कापडाचे दोन तुकडे होते, एक व्यापाऱ्याने दिलेला नमुना आणि दुसरा खालच्या जेट मशीनमध्ये रंगवून, इस्त्रीवर वाळवलेला. रंग डाळिंबी. "काका, पप्पा ना रह्या," एवढंच ती गुजरातीत म्हणाली. मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्याचं ऐकून कोणी ‘बरं’ म्हणतं का? मी म्हणालो. फोन खिशात ठेवला, डाळिंबी शेड पास केली, कारण खाली मशीन थांबून राहिलं होतं, आणि मग खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीवर बसूनच हे सगळं नीट कळलं… ती खुर्ची त्याची होती. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

युनूसभाई सिद्दी. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये त्याने एकोणीस वर्षं काढली, त्यातली सोळा माझ्याबरोबर. सिद्दी म्हणजे कोण, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणले गेले, कोणी गुलाम म्हणून, कोणी शिपाई म्हणून. पुढे ते इथलेच झाले. युनूसभाईचं गाव भरूचच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. त्याची बोली गुजराती, जेवणात रोटला आणि कढी, क्रिकेटमध्ये भारत हरला की दोन दिवस त्याचं तोंड उतरलेलं. पण रंग अगदी काळाभोर, केस बारीक कुरळे, ओठ जाड. त्यामुळे उधना स्टेशनवर उतरला की रिक्षावाले त्याच्याशी इंग्रजी बोलायचे. एकदा एका हवालदाराने त्याच्याकडे पासपोर्ट मागितला. युनूसभाईने रेशनकार्ड दाखवलं. हवालदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि ‘हे कुठून बनवलंस’ असं विचारलं. ही हकीकत तो आम्हाला हसत हसत सांगायचा. त्याचं हसणं मोठं होतं, सगळे दात दिसायचे. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मी अमळनेरजवळच्या एका खेड्यातून इथे आलो, पंचवीस वर्षांपूर्वी. मिलमध्ये लॉट-क्लार्क होतो. कुठल्या व्यापाऱ्याचं किती कापड आलं, कुठल्या रंगात गेलं, ते वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. रंगातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकवलं युनूसभाईने. मिलच्या पहिल्या मजल्यावर उत्तरेकडे एक खिडकी आहे. तिथे दिवसभर ऊन थेट येत नाही, नुसता स्वच्छ उजेड येतो. युनूसभाई तिथे उभा राहायचा, उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारायचा आणि नमुना व मशीनमधून काढलेली कटिंग, दोन्ही तुकडे आपल्या हातावर शेजारी शेजारी ठेवायचा. पांढऱ्या टेबलावर ठेवलं की टेबलाची चकाकी डोळ्यात जाते, म्हणायचा. काळ्यावर ठेवलं की रंग एकटा दिसतो, खरा दिसतो. मग मान थोडी तिरकी करून म्हणायचा, "लाल एक पॉइंट ज्यादा." मशीनवाला लाल कमी करायचा आणि शेड जुळायची. मी माझ्या हातावर ठेवून पाहिलं. माझा हात बेसनासारखा. सगळेच रंग त्यावर पिवळट दिसायचे.

त्याला आमची भाषा यायची. नुसती मराठी नव्हे, अहिराणी. बमरोलीत त्याच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना खान्देशातले कारागीर राहायचे, त्यांच्या पोरांना खेळवता खेळवता तो ती शिकला. माझ्या आईचा गावाहून मिलच्या फोनवर फोन यायचा, तेव्हा मी खाली असलो तर तोच उचलायचा. "माय, जेवनी का व?" असं सुरू करायचा. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, सुनेची तब्येत, सगळं विचारायचा. आईची खात्री झाली की हा पारोळ्याकडचा कोणी पाटलाचा पोरगा आहे. मग एकदा ती सुरतेला आली आणि युनूसभाई द्राक्षं घेऊन घरी भेटायला आला. आई दारात थबकली. "हाऊ कोन शे?" तिने मला विचारलं, त्याच्यासमोरच. त्याने अहिराणीत उत्तर दिलं तरी तिचा विश्वास बसेना. पदर सारखा करून ती आत गेली आणि चहा बाहेरच्या माणसांच्या पेल्यात आला. पुढे गावी गेल्यावरही ती फोनवर ‘पारोळ्याच्या पोराशी’ तितक्याच मायेने बोलत राहिली. ते दोघे एकच, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने ते कधी मानलं नाही आणि मीही तिसऱ्यांदा सांगितलं नाही. युनूसभाईला हे माहीत होतं. फोन ठेवला की तो म्हणायचा, "माय मजा म्हा शे," आणि कामाला लागायचा.

खोलीचंही तसंच. फोनवर बोलला की खोली रिकामी असायची, दारात उभा राहिला की ती कालच कोणीतरी घेतलेली असायची. शेवटी मी पुढे व्हायचो. खोली मी पाहायची, डिपॉझिट मी ठरवायचं, आणि सामान उतरवताना तो यायचा. घरमालक मग तोंड वाकडं करून भाडं वाढवून सांगायचे आणि तो मुकाट्याने द्यायचा. शेजारच्या कारागिरांपेक्षा तो कायम जास्त भाडं भरत आला, त्याच चाळीत, त्याच गळक्या पत्र्याखाली. मलाही इथे ‘घाटी’ म्हणून ऐकावं लागलं आहे. त्याची चीड मला अजून आहे. पण मी शर्ट बदलला, गुजराती शिकलो आणि हळूहळू कोणाच्या लक्षात येईनासा झालो. त्याला ती सोय नव्हती.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मिलमध्ये शेड पाहायला व्यापारी स्वतः येतात, त्यांना आम्ही पार्टी म्हणतो. एकदा मोतिया रंगाचा मोठा लॉट होता आणि युनूसभाईने नेहमीप्रमाणे तो आपल्या हातावर ठेवून दाखवला. पार्टीतला एक जण आमच्या शेठला म्हणाला, "शेठ, आनो रंग तो नथी ऊतरतो ने?" याचा रंग माझ्या कापडाला तर लागणार नाही ना, असं. शेठ हसला, पार्टी हसली. युनूसभाई खाली पाहत कटिंग सारखी करत राहिला. मीही हसलो. पोटातून हसलो, असंही नाही. सगळे हसत होते म्हणून हसलो. दुसऱ्या दिवशी शेठने फर्मान काढलं की पार्टी आली की युनूसने खाली जायचं आणि खिडकीत पाटीलने, म्हणजे मी, बसायचं. शेठ वाईट माणूस नव्हता. युनूसच्या घरी आजारपण निघालं की आधी पाचशेची नोट काढायचा. पण धंदा आहे, म्हणाला, पार्टीला माणूस बघून भरवसा वाटला पाहिजे.

मग आमची एक पद्धत पडली. युनूसभाई सकाळीच सगळ्या शेड जुळवून ठेवायचा आणि जी पास असेल तिच्या मागच्या बाजूला निळ्या खडूने बरोबरची खूण करायचा. पार्टी आली की मी कटिंग उचलायचो, हळूच उलटून खूण बघायचो, खिडकीत धरायचो, थोडी मान तिरकी करायचो आणि म्हणायचो, "पास." ती मान तिरकी करण्याची लकबही त्याचीच. पार्टी गेली की पास झालेला तुकडा रजिस्टरमध्ये चिकटवून मी खाली सही करायचो. खडूची खूण कागदाच्या बाजूला जायची, डिंकाखाली. वर्षभरात मला सगळे ‘पाटीलमास्टर’ म्हणू लागले. दोन वर्षांनी शेठने कागदावरही मला कलर मास्टर केलं, पगार वाढला, मी बमरोलीतून निघून फ्लॅट घेतला. युनूसभाई हजेरीपटावर ‘हेल्पर’ होता, तो हेल्परच राहिला. त्याने एकदाच विषय काढला. शबनम तेव्हा दहावीला होती. "पाटील, शेठ को बोल ना, कागज पे मेरा भी कुछ लिख दे. लडकी फॉर्म में बाप का काम भरती है." मी म्हणालो, बोलतो. बोललो नाही. आज बोलतो, उद्या बोलतो, असं करत करत माझी हिंमतच राहिली नाही, कारण त्याचं काम कागदावर आलं असतं तर माझं काम काय, हा प्रश्न आला असता.

आणि मग ते चिंतामणी प्रकरण झालं, नऊ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सीझनमध्ये. निळा आणि हिरवा यांच्या मधला हा रंग. गुजरातीत त्याला रामा म्हणतात. डाइंगमधल्या कोणालाही विचारा, यासारखा फसवा रंग नाही. ट्यूबलाइटखाली तो निळा दिसतो आणि दिवसाच्या उजेडात हिरवा निघतो. युनूसभाईने मला पहिल्या महिन्यातच बजावलं होतं की चिंतामणी दिवस मावळल्यावर पास करायचा नाही, सकाळपर्यंत थांबायचं. त्या दिवशी पार्टी उशिरा आली, संध्याकाळी. सकाळची शेड त्यांना फिकी वाटली, गडद करून तिथल्या तिथे दाखवा म्हणाले. नवी कटिंग वर आली. तिच्यामागे खूण नव्हती, असणार कशी, युनूसभाई खाली होता. मी जिन्यात जाऊन हाक मारली असती तर तो दोन मिनिटांत वर आला असता. पण पार्टी माझ्याकडे बघत होती. "बोलो, मास्टर," म्हणाली. ज्याला मास्टर म्हणतात तो खालून हेल्परला कसा बोलावणार? मी ट्यूबलाइटखाली कटिंग धरली, मान तिरकी केली आणि पास म्हणालो.

सकाळी सगळा लॉट हिरवा निघाला. तोतया हिरवा, कोणाच्या कामाचा नाही असा. पार्टीने माल उचलला नाही, शेठ तापलेला, ऑफिसमध्ये आम्ही दोघं उभे. शेठने विचारलं, शेड कोणी पाहिली? मी म्हणालो, "युनूसभाईने पाहिली होती." चार शब्दही नाहीत ते. तोंडातून निघाले आणि मला वाटलं, तो आता बोलेल, आणि मग मी कबूल करेन. खरंच करणार होतो, असं मला अजूनही वाटतं… पण तो बोललाच नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, रागानेही नाही, कटिंग पाहावी तसं, आणि शेठने कामावरून काढल्याचं सांगितलं तसा डबा घ्यायला खाली गेला. त्या दिवशी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. सुमनने ताट बाजूला सारलं. "मंग तुम्ही काबर नही बोलनात?" तिने विचारलं.

आठवड्याने मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याने चहा केला. तू का गप्प राहिलास, असं मीच त्याला विचारलं. माझी हिंमत बघा. तो म्हणाला, "मैं बोलता तो शेठ किसकी मानता? मानता भी, तो दोनों जाते. मैं तो वैसे भी जाता." त्याच्या आवाजात कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी निघताना त्याने एक गोष्ट मागितली. मिलच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी, की या माणसाने इतकी वर्षं शेड जुळवल्या आहेत. ती दाखवून दुसरीकडे काम मिळालं असतं. मी शेठकडे गेलो. शेठ म्हणाला, कागदावर हेल्पर आहे, हेल्पर लिही. आणि मी लिहिलं. प्रामाणिक, मेहनती, निर्व्यसनी, असं सगळं लिहिलं आणि वर ‘हेल्पर’ लिहून खाली सही केली, कलर मास्टर म्हणून. त्याने ती चिठ्ठी सावकाश वाचली, दोनदा घडी घातली आणि म्हणाला, "अक्षर अच्छा है तेरा, पाटील."

त्यानंतर तो मिलमागून मिल फिरला. सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या एका मिलमालकाने फोनवर त्याची परीक्षा घेतली, कुठल्या रंगाला किती टक्के काय लागतं ते विचारलं आणि उद्यापासून या म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला पाहून मॅनेजर म्हणाला, मास्टरची जागा भरली, बॉयलरवर माणूस हवाय. बॉयलरवर त्याने दोन वर्षं काढली. मग छातीचा त्रास सुरू झाला आणि तेही सुटलं. शबनम बारावी झाली, कॉम्प्युटर शिकली, साडीच्या मार्केटमध्ये काउंटरवर लागायला गेली. काउंटरवर गोऱ्या मुली लागतात, असं तिला कोणी तोंडावर सांगितलं नाही; मागच्या बाजूला पॅकिंगमध्ये जागा आहे, एवढंच सांगितलं. पगार निम्मा. ती अजून तिथेच आहे.

सिद्दी लोकांचा एक नाच आहे. दर्ग्यापुढे, ढोलाच्या तालावर, मोरपिसं बांधून नाचतात आणि नारळ हवेत उडवून डोक्यावर फोडतात. युनूसभाईसाठी ती पूजा होती. मिलमध्ये दसऱ्याच्या पूजेला शेठ दरवर्षी पाहुण्यांसमोर म्हणायचा, युनूस, जरा नाचून दाखव. आणि तो दरवर्षी हात जोडून नाही म्हणायचा. एकोणीस वर्षं नाही म्हणाला. गेल्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी हजीऱ्याच्या रस्त्यावरच्या एका फार्मवर गेलो होतो. दुपारची वरात. गेटवर पाचसहा सिद्दी नाचत होते, अंगावर पट्टे रंगवलेले, कमरेला मोरपिसं. लोक मोबाइल धरून उभे. त्यात पांढऱ्या केसांचा एक होता. नारळ वर गेला, खाली आला, त्याच्या डोक्यावर फुटला, आणि पाणी कपाळावरून ओघळलं तेव्हा मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं. माझ्याशेजारचा एक पाहुणा म्हणाला, आफ्रिकेहून मागवलेत वाटतं.

नाच संपल्यावर तो मंडपामागे खुर्चीवर बसला होता, धापा टाकत. मी पाण्याची बाटली नेली. या वयात हे कशाला, असं काहीतरी मी म्हणालो. तो म्हणाला, "इस चमडी का इधर भाव है. वहाँ नहीं था." मग स्टेजच्या पडद्याकडे त्याने बोट केलं. राणी रंगाचा पडदा, त्याला राणीचीच झालर. दोन वेगळ्या लॉटचा माल आहे, म्हणाला, झालरीत निळा ज्यादा. मी पाहिलं. मला दोन्ही सारखेच दिसले. तो मोठ्याने हसला, सगळे दात दाखवत. पुढच्या आठवड्यात घरी येतो, असं मी म्हणालो. गेलो नाही. अडीच महिन्यांनी, अशाच एका लग्नातून नाचून परतताना, गाडीतच त्याच्या छातीत कळ आली.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी बमरोलीला गेलो. शबनमने पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझं अक्षर. घडीवर फाटायला आलेलं. ती म्हणाली, पप्पा आम्हाला नेहमी सांगायचे की सुरतेतल्या अर्ध्या साड्या माझ्या हातावर पास झाल्या. इथे तर हेल्पर लिहिलंय. मग तिने फार हळू आवाजात विचारलं, "काका, पप्पा जूठुं बोलता हता?" मी म्हणालो, नाही बेटा, ते खरं बोलायचे. ती मान हलवत राहिली. गेलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात, हे तिला कळत होतं. मग म्हणाली, तर असं लिहून द्याल का? मी हो म्हणालो.

हा लेख लिहायला मला तीन दिवस लागले. त्या चार ओळी अजून झालेल्या नाहीत. हे इथे मोकळेपणाने लिहिता येतं, कारण शेठ मराठी वाचत नाही… आणि शबनमही वाचत नाही.

युनूसभाई मिलमधून गेल्यावर खिडकीत रंग बघायला मला हात उरला नव्हता. म्हणून मी सुताराकडून हातभर लांबीची एक फळी करून घेतली आणि तिला काळा मॅट रंग दिला, दोन कोट. पार्ट्यांना ती फार आवडते. मास्टरची आयडिया म्हणतात. आजूबाजूच्या दोन मिलनीही तशी करून घेतली. परवा सकाळी मी कपाटातून नऊ वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. पान उघडलं, एक आमसुली कटिंग नखाने उचकटली. मागे निळी खूण होती, धूसर झालेली, पण होती. दुसरी उचकटली, तिच्यामागेही होती. मग ते चिंतामणीचं पान काढलं. कटिंग उलटली. मागची बाजू कोरी. तेव्हा कोणी एक कोपरा जरी उचलला असता तरी कळलं असतं की हा तुकडा त्याच्या हातावर आलाच नव्हता. शेठने उचलला नाही. मला उचलायची गरज नव्हती, मला माहीत होतं. हे पान शबनमला नेऊन दाखवावं, असं मनात आलं. मी ते फाडायला धरलंही. तेवढ्यात खालून निरोप आला की अकराची पार्टी गेटवर आली आहे. मी डिंकाची बाटली घेतली, तिन्ही तुकडे जागच्या जागी चिकटवले, आणि नीट बसावेत म्हणून रजिस्टर मिटून वर ती काळी फळी ठेवली.